आमच्या भागातले कार्यक्रम होऊन गेल्यावरच कळतात, आधी कळावेत म्हणून काय करायचं?

तुमची तक्रार अशी दिसते: या वस्तीत राहायला येऊन बरेच दिवस झाले, चार-पाच ग्रुपांतही आहात, पण वाचनाची बैठक असो की साफसफाईची मोहीम, काहीतरी झालं हे कळतं ते फोटो येऊन पडल्यावर. असले कार्यक्रम जमवणाऱ्यांत माझीही ऊठबस असते, तेव्हा आतली बाजू सांगतो.

पहिली गोष्ट, तुम्ही कमी पडताय असं काही नाही. आयोजकांच्या कामांत 'लोकांना कळवणे' हे काम कायम शेवटी असतं. जागा मिळाली का, बोलणारा नक्की येतोय ना, माईक कोण आणणार, पाऊस आला तर काय, या भानगडी निस्तरता निस्तरता आदली संध्याकाळ उजाडते. मग कोणीतरी फोनवर घाईघाईत पोस्टर करतं आणि ग्रुपवर टाकतं. तासाभरात त्यावर शुभेच्छांचा ढीग पडतो आणि ते वर कुठेतरी गडप होतं. त्यामुळे पोस्टरची वाट बघणाऱ्याला उशीर हा होणारच. माग काढायचा तो पोस्टरच्या आधीच्या टप्प्यावर, आणि तो टप्पा म्हणजे जागा.

कार्यक्रम जाहीर होवो न होवो, जागा मात्र आधी अडवावी लागते. तुमच्या भागात सार्वजनिक सभागृह असेल, वाचनालयाची खोली असेल, शाळेचं पटांगण सुट्टीच्या दिवशी मिळत असेल, तर त्या प्रत्येक ठिकाणी एक नोंदवही असते आणि ती सांभाळणारं एक माणूस असतं. त्या माणसाशी ओळख करून घ्या. 'काय कार्यक्रम आहेत?' असं विचारू नका. त्याला त्यातलं काही माहीत नसतं, तो खांदे उडवील. 'पुढच्या महिन्यात हॉल कोणी कोणी घेतलाय?' असं विचारा. वही उघडली की बरंच दिसतं. पेनाने लिहिलंय ते पक्कं. पेन्सिलीने लिहिलंय ते अजून डळमळीत, तिथे पैसे भरायचे बाकी असतात. आणि खरा माल असतो तो पुनःपुन्हा येणाऱ्या नोंदींत. दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी तेच एक नाव, तेच दोन तास. असल्या बैठकींचं पोस्टर कधीच निघत नाही, कारण येणाऱ्यांना ते माहीतच असतं. बाहेरच्या माणसाला मात्र वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. माझ्या मते वस्तीतले सगळ्यात चांगले कार्यक्रम याच जातीचे असतात. मोठ्या बॅनरवाले तुम्हाला तसेही कळतीलच. रस्ता बंद करून काही करायचं असेल तर त्याची परवानगीही आधी काढावी लागते, आणि काही शहरांत अशा परवानग्यांची यादी सर्वांना बघायला ठेवलेली असते. तुमच्याकडे तशी सोय आहे का, एवढं एकदा बघून ठेवा.

दुसरी युक्ती थोडी अंगमेहनतीची आहे. कोणत्याही एका कार्यक्रमाला जा आणि संपल्यावर लगेच निघू नका, खुर्च्या उचलायला थांबा. पुढच्या वेळची तारीख बहुतेक वेळा तिथेच ठरते. खुर्च्या एकावर एक चढवता चढवता कोणीतरी म्हणतं, 'मग पुढचं कधी करायचं?' तेवढ्यात दोन पर्याय निघतात, एक नको होतो, एक ठरतो. ग्रुपवर हे यायला आणखी काही आठवडे जातात. चार खुर्च्या उचलल्या की पुढच्या वेळी तुम्हाला बोलवायला फोन येतो, तो भाग वेगळाच. (आणि मग सुटका नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.)

काही उपक्रम तर जाहीर व्हायची वाटच बघावी लागत नाही, कारण त्यांचा वारच ठरलेला असतो. पार्करन हे सोपं उदाहरण. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण धावले, तिथून ते सुरू झालं. आता बऱ्याच देशांत दर शनिवारी सकाळी ५ किलोमीटर, धावा किंवा चाला, फुकट. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ मोठे रस्ते गाड्यांना बंद आणि सायकलींना मोकळे असतात. तिथे कोणी 'या रविवारी आहे का हो?' असं विचारत नाही. जेन्स वॉक म्हणजे रहिवाशांनीच आपला भाग पायी फिरून दाखवायचा. हे टोरांटोत २००७ मध्ये सुरू झालं आणि शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांच्या ४ मे या जन्मदिवसाच्या आसपास, म्हणजे मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी असतं. रिपेअर कॅफे २००९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा या बाईंनी सुरू केलं. बिघडलेलं यंत्र घेऊन जायचं आणि जाणकाराच्या शेजारी बसून दुरुस्त करायचं. याच्या शाखा सहसा महिन्याचा एखादा ठरलेला वार धरतात. अशांपैकी तुमच्या भागात काय चालतं ते एकदा शोधलंत की वर्षभराचे दिवस आत्ताच लिहून ठेवता येतात.

लिहून ठेवायचं ते फोनच्या कॅलेंडरमध्येच. इथे एक खाचखळगा आहे. काही वाचनालयं आणि मंडळं आपल्या कार्यक्रमांचं कॅलेंडर आयसीएस स्वरूपात, म्हणजे फोनच्या कॅलेंडरला थेट वाचता येईल अशा फाइलीत, देतात. ती फाइल उतरवून घेतलीत तर ती त्या दिवसाची नक्कल झाली. उद्या त्यांनी तारीख बदलली तरी तुमच्याकडे जुनीच राहणार, आणि तुम्ही कुलूपबंद दारापुढे उभे. त्याऐवजी त्या कॅलेंडरचा दुवा 'सबस्क्राइब' करा, म्हणजे तिकडचा बदल आपोआप तुमच्याकडे येतो. लगेच येईलच असं नाही, कधी कधी दिवसभरही लागतो, म्हणून निघण्याच्या दिवशी मूळ पानावर एक नजर टाकलेली बरी.

आता पोस्टरांबद्दल, कारण ती येत राहणारच. निम्म्या पोस्टरांवर वर्ष नसतं आणि गेल्या वर्षीचं पोस्टर कोणीतरी निष्पापपणे पुन्हा फिरवतं. ते पकडायचं असेल तर तारीख आणि वार जुळतात का बघा. तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन. १४ सप्टेंबरला २०२५ मध्ये रविवार होता, २०२६ मध्ये सोमवार. म्हणजे २०२६ मध्ये 'रविवार, १४ सप्टेंबर' असं पोस्टर आलं तर घरीच बसा. २०१५ आणि २०२६ ची दिनदर्शिका तंतोतंत जुळते, हे खरं आहे, पण अकरा वर्षं जपून ठेवलेलं पोस्टर कोणी फिरवत असेल तर त्याला साष्टांग नमस्कार. पोस्टरवर फक्त वार असेल आणि तारीखच नसेल, तर ज्याने पाठवलं त्याला विचारा, आणि त्यालाही दुसऱ्याकडूनच आलं असेल तर सोडून द्या.

ग्रुप सोडायची गरज नाही, पण सगळे वाचायचीही नाही. ज्या एका ग्रुपात प्रत्यक्ष आयोजक आहेत तेवढाच चालू ठेवा, बाकीचे म्यूट करा. आणि त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला एवढीच विनंती करा की येणाऱ्या तारखांचा एकच संदेश वर पिन करून ठेवा आणि दर आठवड्याला तोच बदला. बहुतेक जण 'वेळ नाही हो' म्हणतील. मग तो संदेश तुम्ही लिहून द्या. नोंदवही तोवर तुम्ही पाहिलेली असेलच.