नातीची गुणपत्रिका आणि भावकीचा ग्रुप

प्रश्न : माझी नात छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकी शिकते. तिची बारावीची गुणपत्रिका मी कौतुकाने भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर ती रागावली. स्वतः मात्र कुठे जेवली हेही ती इन्स्टाग्रामवर सांगते. यात लपवण्यासारखे काय आहे?
– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : गुरुजी, तिचा आक्षेप गुण कळण्याला नसून, तिला न विचारता ते सांगितले गेले याला असावा. शिवाय राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर बैठक क्रमांक आणि आईचे नाव टाकले की निकाल दिसतो, आणि या दोन्ही गोष्टी गुणपत्रिकेवर छापलेल्या असतात. ग्रुपवरून ती गुणपत्रिका पुढे कोणाकडे गेली, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा 2023 चा कायदा घरगुती वापराला लागू होत नाही, त्यामुळे भावकीत कोणी तुम्हाला नोटीस पाठवणार नाही. पण नातीला विचारायला कायदा कशाला हवा?

तिचेही सारेच बरोबर नाही. आपण या क्षणी कुठे आहोत हे जाहीर करणे गुणांपेक्षा अधिक धोक्याचे आहे. हॉटेलातून परतल्यावर छायाचित्र टाकावे, एवढे तिला जरूर सांगा.

आणि तुमच्या पिढीची खरी जोखीम, माझ्या मते, झेरॉक्सच्या दुकानात असते, जिथे आधारची फाइल दुकानदाराच्या मोबाइलवर पाठवून आपण निर्धास्त निघून येतो. केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे आधार कार्ड आधारच्या संकेतस्थळावरून मोफत मिळते; ते नातीकडूनच उतरवून घ्या.