रणगाड्यासारख्या ट्रॅकवाल्या (चाकांभोवती कड्यांचा पट्टा असलेल्या) लष्करी गाड्यांचे बोल्ट आणि हॅचचे (वरच्या झाकणाचे) लॅच, म्हणजे खिट्या, वारंवार ढिले का होतात? आधीच काय काळजी घ्यावी?

मुख्य कारण थरथर. ट्रॅकची प्रत्येक कडी जमिनीवर आपटते, तो हादरा सगळ्या सांगाड्यात जातो आणि बोल्टमधला ताण हळूहळू उतरतो. म्हणून ट्रॅकचे कनेक्टर (कड्या जोडणारे भाग), रोडव्हील (ट्रॅकवर फिरणारी चाकं) आणि स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारं दातेरी चाक) यांचे बोल्ट आधी बघायचे. नवा बोल्ट बसवल्यावर थोडी गाडी चालवून टॉर्क (कसण्याचा पीळ) पुन्हा तपासावाच लागतो.

बोल्टच्या डोक्याखालून गंजाची तांबूस रेघ ओघळलेली दिसली, की तो आतल्या आत हलतोय असं धरा. कसल्यावर नट आणि पृष्ठभागावर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवा. ती तुटली की नट फिरला. नायलॉन रिंगचा नट हाताने सहज फिरत असेल तर सरळ फेका. आणि कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तेल लावलेल्या बोल्टला देऊ नका, तो जास्त ताणला जातो.

लॅचमधला चिखल काढून मॅन्युअलमधलंच वंगण, तेही बेताने. जाड ग्रीसवर वाळू चिकटते. हॅच उघडी धरून ठेवणारा लॅच मात्र रोज, गाडी हलण्याआधी ओढून बघा. ते जड झाकण निसटलं तर बोटं जातात.