दर उतरवायचा तर काम उतरव

तुझं पत्र वाचून आधी चीड आली, मग काळजी वाटली. आता लिहायला बसलोय तेव्हा दोन्ही आहेत, तेव्हा सूर कुठे कडक लागला तर तसाच वाच.

काम हातचं जाईल या भीतीने तू दर एक तृतीयांश खाली आणलास आणि पन्हळी आणि छप्पर साफ करणं, पाइप मोकळे करणं, कचरा उचलणं सगळं ठरल्याप्रमाणेच केलंस. दिवसभर राबलास, हाती काही उरलं नाही. वर आठवड्याने त्या गिऱ्हाइकाचा फोन आला की खाली उतरणारा पाइप अजून तुंबतोय. आणि तू मला विचारतोस, ‘माझा दरच चुकीचा आहे का?’

तुझा दर बरोबर होता. मेहनत कर, सचोटीने वाग हे मी तुला सांगत बसणार नाही. ते तुझ्यात नसतं तर मी उत्तर लिहायला घेतलंच नसतं. मला सांगायचं आहे ते एवढंच: दर उतरवायचा तर काम उतरव. काम तेवढंच ठेवून दर उतरवू नकोस. गिऱ्हाईक भलं असो, अडचणीत असो, ओळखीचं असो. कधीच नाही.

का, ते बघ. तुझ्या दरात काय काय असतं? दोन माणसांची मजुरी, गाडीचं इंधन, शिडी, दोर आणि पंपाचा घसारा, विमा, ओला कचरा नेऊन टाकण्याचा खर्च, जागा बघायला गेलेला वेळ, आणि पानगळ व पाऊस सोडून उरलेले रिकामे आठवडे. तू आकडा खाली आणलास म्हणून इंधन स्वस्त होत नाही. विमा कंपनी हप्ता कमी करत नाही. मग तो फरक येतो कुठून? आधी तुझ्या स्वतःच्या मजुरीतून. तिथे पुरलं नाही की खाली शिडी धरून उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मजुरीतून. ‘आज एकटाच उरकतो’ हे वाक्य त्या कमी केलेल्या आकड्यातूनच येतं. तुझ्या पत्रात ते वाक्य आहे. तू ते सहज लिहून गेलास, मी तिथेच थांबलो.

आता हिशेब. समज, १०० च्या कामात तुझा खर्च ७० आणि नफा ३०. दर फक्त १० ने उतरवलास तर नफा राहतो २०. म्हणजे तेवढाच नफा मिळवायला आता दीडपट कामं करावी लागतील. दीडपट वेळा शिडी चढायची, दीडपट छपरांवर पाय ठेवायचा, आणि महिन्याच्या शेवटी हातात तेच. दुसरी गल्लत तुझ्या वहीत दिसतेच आहे: खर्चावर ३० टक्के चढवलेस की ३० टक्के नफा झाला असं तू धरतोस. १०० खर्चावर ३० चढवलेस तर दर १३०, आणि त्या दरातला नफा जेमतेम २३ टक्के. खरोखर ३० टक्के हवे असतील तर १०० च्या खर्चाला १४३ सांगावे लागतात. हा फरक वर्षभर साचतो आणि मग माणूस म्हणतो, काम तर भरपूर आहे, पैसा कुठे जातो कळत नाही.

तासांचंही तसंच. आठ तासांच्या दिवसात पाच तास छपरावर गेले तरी तो चांगला दिवस. बाकीचे प्रवासात, हत्यारं धुण्यात, पुढची जागा बघण्यात जातात. दिवसाचा खर्च आठाने भागू नकोस, पाचाने भाग. मीटरवर दर लावायचा तुला मोह आहे, कारण सांगायला सोपं पडतं. अंदाजाला तो ठीक. पण ४० मीटर पन्हळ बैठ्या घराला, सपाट टणक जमिनीवर, हे एक काम. तीच ४० मीटर तीन मजले वर, खाली उतार आणि ओली माती, हे वेगळं काम. फोनवर आकडा सांगू नकोस. जाऊन बघ. पाइप किती, त्यांना वळणं किती, छप्पर कौलांचं की पत्र्याचं, मध्ये पारदर्शक पत्रे आहेत का, विजेच्या तारा किती जवळून जातात, सौर पॅनल आहेत का, हे कागदावर उतरव आणि मग आकडा लिही. शिवाय एक किमान दर ठेव. दोन मीटरच्या पन्हळीलाही गाडी तेवढीच लागते.

तर मग काम उतरवायचं म्हणजे काय, कारण गिऱ्हाईक दर वेळी ‘नाही’ ऐकून घेणार नाही. बजेट कमी आहे ना? मग फक्त पन्हळी करू, छपरावरचं शेवाळ पुढच्या खेपेला. किंवा झाडाखालची बाजू करू, दुसरी बाजू राहू दे. किंवा कचरा पोत्यात भरून फाटकाशी ठेवतो, तुम्ही टाका. तारीख तुम्ही माझ्यावर सोडा, त्याच रस्त्यावर दुसरं काम असेल त्या दिवशी येतो, प्रवास वाचेल तेवढा दर कमी करतो. या सगळ्यात गिऱ्हाइकाचा मान राहतो, कारण तू त्याला खरी निवड देतोस. नुसता आकडा खाली आणलास की त्याला एवढंच कळतं की आधी सांगितलेला आकडा फुगवलेला होता. पुढच्या वर्षी तो तिथूनच बोलायला सुरुवात करेल, आणि त्याचं काय चुकलं?

काही गोष्टी मात्र उतरवायच्या कामात मोडतच नाहीत. शिडीचा पाय दर चार हात उंचीला भिंतीपासून एक हात लांब, म्हणजे साधारण ७५ अंश. तिचं टोक वळचणीच्या वर निदान एक मीटर. पन्हळीवर शिडी टेकवायची नाही, भिंतीवर टेकणारा आधार लाव. पन्हळ वाकली तर भरपाई तुझी. खाली माणूस. तारांजवळ अॅल्युमिनियमची शिडी नको. पारदर्शक पत्र्यावर पाय नाही, तो उन्हाने कधी ठिसूळ झालाय हे वरून दिसत नाही. हे दरात गृहीतच आहे आणि त्यावर घासाघीस होत नाही.

जुने सिमेंटचे पत्रे दिसले आणि अॅस्बेस्टॉसची शंका आली तर प्रेशर पंप लावायचा नाही, कोरडं खरवडायचं नाही. ते तंतू फुप्फुसात जातात आणि आजार कित्येक दशकांनी उभा राहतो. तशा कामाला नकार दे, त्यातल्या तज्ज्ञाचं नाव सुचव आणि निघ. घाईसाठी जास्त दाब मारायची सवय इतर छपरांवरही लावून घेऊ नकोस. डांबरी शिंगलवरचे, म्हणजे छपरावर बसवलेल्या डांबरी पट्ट्यांवरचे, खडे निघून जातात, कौलांच्या सांध्यातून पाणी उलटं आत शिरतं. शेवाळावर सोडियम हायपोक्लोराइटचं सौम्य द्रावण कमी दाबाने मारायचं, खालची झाडं आधी पाण्याने भिजवायची आणि नंतर पुन्हा धुवायची. ते द्रावण कुठल्याही आम्लाजवळ येऊ द्यायचं नाही, क्लोरीन वायू होतो. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांग की मेलेलं शेवाळ पुढचे काही आठवडे सुटून पन्हळीत येत राहील, त्यामुळे नंतरची एक फेरी लागेल. ती फेरी दरात धर किंवा ‘यात धरलेली नाही’ असं स्पष्ट लिही.

या हट्टाची किंमत मी मोजली आहे, ते तुला कळायला हवं. माझा एक भागीदार होता. मनाने माझ्यापेक्षा मोठा. समोरच्याचा चेहरा पडला की तो आकडा खाली आणायचा, आणि काम मात्र जास्तच करून द्यायचा. लोक त्याच्यावर जीव टाकायचे. मी प्रत्येक वेळी वाद घातला, आणि शेवटी आम्ही वेगळे झालो. तो आता माझ्याशी बोलत नाही. त्याची खंत मला रोज नाही पण पावसाच्या तोंडावर नक्की होते, कारण त्या दिवसांत आम्ही दोघं पहाटे एकत्र निघायचो. मी पैशाला हपापलेला आहे असं तेव्हा काही जण बोलले. बोलू देत. हाताखालच्या पोरांची मजुरी त्या काळात एकदाही थकली नाही, आणि पैसे वाचवायला शिडीखालचा माणूस एकदाही कमी केला नाही. भागीदाराचा चांगुलपणा खरा होता, पण मी अडवलं नसतं तर त्याचं बिल पोरांच्या नावावर फाटलं असतं. तो माझ्यावर रागावून गेला हे मला सहन होतं. एखादं पोर वरून पडलं असतं तर ते सहन झालं नसतं. आजही तीच निवड करीन.

आता त्या तुंबलेल्या पाइपाचं. जा आणि नीट कर, पैसे मागू नकोस. पाइप तुझ्या कोटेशनमध्ये होता, आणि दर कमी करताना तू तो काढून घेतला नाहीस. त्यांनी तुला फसवलेलं नाही. बहुधा खालच्या वळणात गाळ अडकलेला असेल. तिथे खालून वर पाण्याचा जोर दे, नुसतं वरून ओतलंस तर बोळा आणखी घट्ट बसतो. मग वरून नळी सोडून पाणी मोकळं वाहतंय हे त्यांच्यासमोर दाखव. ही चाचणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २,५०० लिटर पाणी त्या दोन-तीन पाइपांतून उतरायचं असतं. नुसती पन्हळ चकचकीत दिसून उपयोग नाही. यापुढे काम सुरू होण्याआधी, झाल्यावर आणि पाणी सोडल्यावर फोटो काढ. वरची अवस्था गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त तुझा आकडा, आणि म्हणून तो त्याला महाग वाटतो.

राहिला तो वर्षाच्या कराराचा प्रश्न. वर्षातून दोनदा काम देतो, दर कमी करा, असं त्या दुसऱ्या घराने म्हटलंय. हे मागणं रास्त आहे. सहा महिन्यांत साफ झालेल्या पन्हळीत गाळ घट्ट बसलेला नसतो, रोपं उगवलेली नसतात, वेळ खरंच कमी लागतो. म्हणजे काम आपोआप उतरलेलं आहे, दर उतरव. पण पहिल्या खेपेला पूर्ण दर घे, कारण वर्षानुवर्षांचा गाळ तेव्हाच निघणार आहे. कमी दर दुसऱ्या खेपेपासून, आणि मधे एक पानगळ चुकली तर दर पुन्हा पहिल्या खेपेचा, हेही लिही. पुढच्या कामाच्या आशेवर आजच्या कामाचा दर पाडू नकोस. दुसऱ्या खेपेचा फोन आला नाही तर तू कुणाला विचारणार आहेस?

त्या कराराचा कच्चा मसुदा पाठवण्याआधी मला दाखव. दोन माणसांची मजुरी त्यात वेगळी लिहिलेली असू दे.