फाईल लपवायला गेलो आणि वेबसाईटचे फोटोच बंद पडले

प्रश्न : नमस्कार दादा, मी इंदूरला विजयनगरमधे एका छोट्या ऑफिसात पायथनचं काम करतो, क्लायंट नमकीनवाले आहेत. पेमेंटची सीक्रेट की फाईलमधे ठेवायला एक हेल्पर फंक्शन लिहिलंय, त्यात आधी यूमास्क (नवीन फाईलला कोणत्या परमिशन द्यायच्या नाहीत ते ठरवणारी सेटिंग) ०७७ करतो, फाईल लिहितो आणि फायनलीमधे (एरर आली तरी चालणाऱ्या भागात) जुना यूमास्क परत लावतो. तरीपण अधूनमधून नवीन अपलोड केलेले सेव-चिवड्याचे फोटो साईटवर ४०३ (परवानगी नाही) देतात, सर्व्हर रिस्टार्ट केला की नवीन फोटो ठीक. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचा हेतू अगदी बरोबर आहे, पण यूमास्क फंक्शनचा नसतो हो, तो अख्ख्या प्रोसेसचा असतो, त्यातले सगळे थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) तोच एक वापरतात. आपल्या नळाला गळती आहे म्हणून बिल्डिंगचा मेन वॉल्व्ह बंद करण्यासारखं झालं हे.

फायनली असून का अडकतं ते बघा. पहिला थ्रेड येतो, ०२२ (आधीचा यूमास्क, बाकीच्यांना फक्त वाचू देणारा) लक्षात ठेवतो, ०७७ लावतो. तेवढ्यात दुसरा थ्रेड तेच फंक्शन चालवतो, त्याला "जुना" म्हणून ०७७ च मिळतो. पहिल्याने ०२२ परत लावला, मग दुसऱ्याने इमानदारीत ०७७ परत लावला, झालं, आता रिस्टार्टपर्यंत तोच. मग ६४४ (सगळ्यांना वाचता येणारा) व्हायचा फोटो ६०० (फक्त मालकापुरता) होतो आणि फोटो पाठवणारा वेब सर्व्हर एनजिन्क्स वेगळ्या यूजरवर चालत असेल तर त्याला तो वाचताच येत नाही. याहून वाईट म्हणजे त्या मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडची सीक्रेट फाईल ०२२ वर बनू शकते, म्हणजे जी लपवायची तीच उघडी, आणि हे तर कुणाच्या लक्षातही येत नाही!

तर यूमास्कला हातच लावू नका. ओएस मॉड्यूलचं ओपन वापरा, लिहिण्यासाठी ओ_डब्ल्यूआरओनली (O_WRONLY), शिवाय ओ_क्रिएट (O_CREAT) आणि ओ_एक्सक्ल (O_EXCL) हे फ्लॅग द्या, मोड ०६००, आणि मिळालेला डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाईलचा नंबर) एफडीओपनला द्या. परमिशन त्या एकाच फाईलपुरती आणि जन्मापासूनच. आधी साधं ओपन करून लिहायचं आणि मग चमॉड मारायचं (परमिशन बदलायची) हे पुष्कळ जण करतात, पण मधे फट राहते, त्या फटीत कुणी फाईल उघडली असेल तर नंतरचं चमॉड त्याला थांबवत नाही.

ओ_एक्सक्ल विसरू नका, कारण तो नसेल आणि फाईल आधीपासून असेल तर मोड चक्क दुर्लक्षित होतो, जुनीच परमिशन राहते; तो असला की ओपन सरळ एरर देतं. म्हणून सीक्रेट की बदलायची असेल तर त्याच फोल्डरमधे टेम्पफाईल मॉड्यूलच्या एमकेएसटेम्पने तात्पुरती फाईल करा, ती ०६०० च बनते, आणि लिहून झालं की ओएसच्या रिप्लेसने जागेवर आणा. फोल्डरचंही बघा, पायथन ३.७ पासून मेकडर्सला (फोल्डर बनवणाऱ्या फंक्शनला) दिलेला मोड फक्त शेवटच्या फोल्डरला लागतो, मधल्यांना नाही. आणि सबप्रोसेसला (आपण चालवलेल्या दुसऱ्या प्रोग्रामला) वेगळा यूमास्क हवा असेल तर ३.९ पासून तो चालू करणाऱ्या पोपेनमधेच तसा पॅरामीटर आहे.

टेस्टमधे नुसती सीक्रेट फाईलची परमिशन तपासू नका, हेल्पर बऱ्याच थ्रेडमधून एकदम चालवा, मग एक साधी फाईल बनवा आणि ती ६४४ च निघते का ते बघा.