नागपूरच्या थंडीत गिझर अन् हीटरचं बिल कमी कसं करायचं?

अहो, एकाच गोष्टीवर सगळं टाकू नका. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी ८-१० वर येतो, पण दुपारी मस्त ऊन असते, म्हणून आंघोळीचं पाणी गच्चीवरच्या सोलरचं, अन् ज्या दिवशी ढगाळ असलं त्याच दिवशी गिझर.

हिशोब सोपा आहे, २ किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की १ युनिट गेलं, आणि २० लिटरची बादली २५ डिग्रीनं तापवायला साधारण ०.६ युनिट लागते, पण आमचा पोरगा गिझर लावून मोबाईल पाहत बसायचा, तिथंच बिल वाढायचं. महिन्याचे १०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर बराच वाढतो, हे ध्यानात ठेवा.

आई अजूनही अंगणात बंब पेटवते, वाळलेल्या काड्या-लाकडं फुकटच मिळतात. रूम हीटर फक्त आजोबांच्या खोलीत, तेही झोपायच्या आधी तासभर, मग गोधडी.

शेगडी मात्र बंद खोलीत ठेवून झोपू नका बरं, तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा वासही येत नाही. गॅस गिझर असेल तर बाथरूमची खिडकी उघडी हवीच.