प्रत्येक विभागाच्या वेगळ्या फायलींऐवजी संस्थेने एकच मध्यवर्ती डेटाबेस ठेवल्यास काय फायदा होतो?

सर्वात मोठा फायदा म्हणजे एक माहिती एकाच जागी राहते आणि सगळे विभाग तीच वापरतात. ग्राहकाचा पत्ता विक्री, हिशेब आणि गोदाम अशा तिघांच्या फायलींत असला की बदल एकीत होतो, बाकीच्यांत जुनाच राहतो. मग बिल एकीकडे, माल दुसरीकडे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल (माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची पद्धत) मांडताना अशा पुनरावृत्तीचा आणि विसंगतीचा खास विचार केला होता. शिवाय शेवटचा नग दोघांनी एकाच वेळी विकायला घेतला, तर ट्रान्झॅक्शन (एकतर पूर्ण होणारा, नाहीतर पूर्ण रद्द होणारा व्यवहार) नीट लिहिलेले असल्यास तो एकाच्याच नावावर लागतो. कोणाला काय दिसावे, तेही एकाच ठिकाणी ठरवता येते. मात्र सर्व्हर बंद पडला की सगळ्यांचेच काम अडते, म्हणून बॅकअप दुसरीकडे ठेवा आणि तो अधूनमधून रिस्टोअर करून बघाच.