‘लाइट-पाण्यासकट’ म्हणजे नेमकं किती?

प्रश्न: इंदूरला राजवाड्याजवळ दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतलाय. नोटरी केलेला 11 महिन्यांचा किरायानामा, त्यात ‘मासिक किराया ₹14,000, लाइट-पाण्यासकट’ एवढंच. मुदत संपून तीन महिने झाले, नवा कागद नाही, भाडं वेळेवर देतो. आता घरमालक म्हणतात, एसीमुळे बिल वाढलं, मागच्या आठ महिन्यांचे दरमहा ₹2,500 द्या, नाहीतर लाइट कापतो. परवा दोन तास खालून मेन स्विच बंद ठेवला. मी भाडं थांबवू का?

उत्तर: अजिबात नको. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 च्या कलम 12 मध्ये घर खाली करवण्याचं पहिलंच कारण थकबाकी आहे. मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत भाडं चुकतं केलं नाही, तर दावा उभा राहतो. तेव्हा ₹14,000 बँकेतूनच पाठवा आणि शेऱ्यात लिहा, ‘अमुक महिन्याचं भाडं, लाइट-पाण्यासकट’.

कागदात युनिटची मर्यादा नाही, एसीला मनाई नाही. मुदतीनंतरही मालकांनी भाडं घेतलं, म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 116 प्रमाणे तोच करार महिना-महिना पुढे चालतोय, त्याच शर्तींवर. म्हणून मागच्या आठ महिन्यांची मागणी टिकत नाही. पण एक चूक हमखास होते: कटकट नको म्हणून माणूस एकदा ‘लाइटचे’ म्हणून ₹2,500 यूपीआयने टाकतो. नंतर तीच नोंद ‘तोंडी नवं ठरलं होतं’ याचा पुरावा म्हणून समोर येते.

लाइट तोडण्याला 1961 च्या स्थान नियंत्रण कायद्याचं कलम 38 लागतं. सबळ कारणाशिवाय घरमालकाला पाणी, वीज, जिन्यातला दिवासुद्धा बंद करता येत नाही. अर्ज भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे करायचा. तो डेप्युटी कलेक्टर किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी असतो; मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत चौकशी करा. घर खाली करवायला किंवा जास्त भाडं उकळायला वीज तोडली असं दिसलं, तर चौकशी चालू असतानाच वीज सुरू करण्याचा हुकूम निघू शकतो. तुमच्याकडे दोन तासांचा एकच प्रसंग आहे, तो तसा लंगडा. पुन्हा झालं तर लगेच खाली जाऊन एकाच फोटोत तीन गोष्टी घ्या: तुमचा पडलेला स्विच, मीटर आणि जिन्यातला जळता बल्ब. बल्ब जळत असेल तर ‘कंपनीचीच लाइट गेली होती’ हे म्हणणं तिथेच संपतं. त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मालकांना वेळ लिहून पाठवा.

बिलच न भरून कंपनीकडून वीज तोडवणं, हा दुसरा डाव. वीज अधिनियम, 2003 च्या कलम 56 प्रमाणे कंपनीला आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती दिसली की बिलावरच्या आयव्हीआरएस नंबरने (ग्राहक क्रमांकाने) स्वतः भरा, मालकांना कळवा, आणि तेवढी रक्कम पुढच्या भाड्यातून कापा. मालकाने भरायची आणि न भरल्यास तुमच्याकडून किंवा जागेवर वसूल होणारी रक्कम अशी वळती करायला 1882 च्या कायद्याचं कलम 108(g) मुभा देतं, व्याजासह.

आता मालकांची बाजू. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट घेतो; रात्री आठ तास म्हणजे महिन्याला 360 युनिटच्या घरात. शिवाय अख्ख्या घराला एकच मीटर आहे का, ते बघा. मध्य प्रदेश सरकारच्या वीजसवलतीच्या गृह ज्योती योजनेत 150 युनिटपर्यंतच्या ग्राहकाला पहिली 100 युनिट ₹100 मध्ये पडतात. तीन बिऱ्हाडांची 120-120 युनिट एका मीटरवर आली की 360 होतात, सवलत जाते आणि वरच्या स्लॅबचा भुर्दंडही बसतो. तो सगळाच तुमच्या एसीचा नव्हे. म्हणून आधी मागच्या बारा बिलांच्या प्रती मागा.

मला विचाराल तर इथे तडजोड शहाणपणाची आहे, पण पुढच्या महिन्यापासूनची. फ्लॅटला सबमीटर, दर एक तारखेला रीडिंगचा फोटो, 150 युनिट भाड्यात, वरची बिलाच्या सरासरी दराने, आणि मागची मागणी सोडल्याचं एक वाक्य. नवा किरायानामा या सगळ्या गोष्टी लिहूनच करा. ‘लाइट-पाण्यासकट’ हा शब्द त्यात ठेवायचा असेल, तर पुढे आकडा हवा.